बसलेली घडी

झोर्का मारुसिचनं किंमत सांगितली ती तीन तुकड्यांत.
यंत्रांची इतकी. बॉयलरची इतकी,
"खोकतो, पण मरत नाही."
मग चष्मा काढून, पुसून, परत लावून
तिसरा आकडा. दोन्हींच्या बेरजेहून मोठा.
"हा कशाचा?"
"नावाचा," म्हणाली. "आणि बसलेल्या घडीचा."

पुंता अरेनासमध्ये वारा असा
की डिसेंबरात चौकांत दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
तो दोर धरत धरत मी घरी आले
आणि नवऱ्याला म्हटलं,
म्हातारी हवेचे पैसे मागते.

एल्सिदेसचा जीव अडकलेला भलतीकडेच:
धक्क्यामागचं रिकामं गॅरेज.
फरशीवर तेलाचे डाग, छताला एक भोक,
बाकी सगळं कोरं.
तो खडूनं जमिनीवर यंत्रं काढायचा,
इथं दोन, तिथं दोन, इथं तू,
आणि त्या चौकोनात मला उभी करून
बाहेर जाऊन परत आत यायचा, गिऱ्हाईक होऊन:
"बाई, माझी चादर झाली का?"
"कसली चादर? पावती दाखवा."
पोट दुखेस्तोवर हसायचो आम्ही.
झोर्काच्या मालाच्या यादीत
एवढं हसू कुठंच नव्हतं.

पण खडूचं गिऱ्हाईक भाडं भरत नाही.
माझ्या बहिणीनं हौसेनं पाटी रंगवून केकचं दुकान घातलं,
तो अख्खा हिवाळा
ते केक आम्हीच खाल्ले.
मी तिसऱ्या आकड्यावर सही केली.

हाती आलं ते असं:
एकोणचाळीस खाती, त्यांतली सात बुडीत,
लग्नाचा एक सूट, अकरा वर्षं कुणी न नेलेला
(नवरदेवाचं काय झालं, कुणी सांगत नाही),
आणि झोर्का हे नाव.
मी नेलिदा बार्रिया, चिलोए बेटावरची, बुटकी, सावळी.
ती क्रोएशियन, दाराची चौकट अपुरी पडेल अशी.
तरी सगळे मला झोर्काच म्हणायला लागले.
"झोर्का, कॉलर जरा नीट."
पहिला महिना चिडले.
दुसऱ्या महिन्यात ओ द्यायला लागले.

शनिवारी उर्सिनो कार्कामो यायचा,
सामुद्रधुनीतून जहाजं पार करून देणारा, आता निवृत्त.
कागदात एक चादर. स्वच्छ. कडक घडीची.
मी धुतली. नवा साबण, दुहेरी इस्त्री.
त्यानं हुंगली, पैसे मोजले,
आणि पुढचे तीन शनिवार आलाच नाही.

तेव्हा कुठं गल्ल्याखालची वही उघडली.
झोर्काचं मुंग्यांसारखं अक्षर:
"कार्कामो. चादर एक. धुवायची नाही.
त्याच्यादेखत घडी मोडायची,
दोन टोकं त्याच्या हातात द्यायची,
परत घालायची.
पैसे पूर्ण घ्यायचे, नाहीतर लाजतो."

नोटरीनं अठरा पानं वाचून दाखवली होती मला,
गळक्या नळासकट सगळं होतं त्यांत.

मी निरोप धाडला: चादरीचं काम राहिलंय.
तो आला. टोकं धरली.
दोन पावलं मागे, ताण, एक झटका,
मग चालत माझ्यापर्यंत,
बोटांना बोटं लागेपर्यंत,
परत मागे.
एका माणसाला मोठ्या चादरीची घडी घालता येत नाही,
हे मला इस्त्रीवाल्या बाईला
तोवर सुचलं नव्हतं.
पैसे पूर्ण घेतले.

गॅरेजात आता कुणीतरी टायर विकतो.
एल्सिदेस तिथून जाताना मान आत घालतोच.
परवा रात्री जेवताना म्हणाला,
"खडू अजून आहे तिथं.
तू उभी राहायचीस ना, तो चौकोन.
त्यात ट्रकचा टायर ठेवलाय."
मी त्याला अजून थोडं सूप वाढलं.